अँटिव्हायरस टाकला आणि कॉम्प्युटर उठेना

अँटिव्हायरस टाकून झाला, ‘रीस्टार्ट करा’ अशी सूचना आली, तुम्ही बटण दाबलं आणि त्यानंतर विंडोज काही वर येत नाही. कुणाकडे लोगोखाली ठिपके गोल फिरत राहतात. कुणाकडे निळा पडदा झळकतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. कुणाकडे पासवर्ड टाकल्यावर काळ्या पडद्यावर माउसचा नुसता बाण उरतो. कुणाला विचारायला जावं, तर पहिला सल्ला ठरलेला असतो : फॉरमॅट मारून टाका.

हा सल्ला घाईचा आहे आणि त्यापायी लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो आणि कागदपत्रं गेलेली आहेत. या प्रकारच्या बिघाडात तुमच्या फाइल्स डिस्कवर बहुधा जशाच्या तशा असतात. अडलेलं असतं ते सुरू होण्याच्या वाटेवरचं एखादं पाऊल. ते पाऊल कुठलं, हे मशीन स्वतःच बऱ्यापैकी सांगत असतं. ते कसं वाचायचं आणि कमीत कमी मोडतोड करून मशीन कसं उठवायचं, ते इथे नीट समजून घेऊ. लेख मुख्यतः विंडोज १० आणि ११ डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

अँटिव्हायरस इतक्या आत शिरतो कशासाठी?

गाणी ऐकायचं किंवा फोटो बघायचं सॉफ्टवेअर बिघडलं, तर तेवढंच बंद पडतं, विंडोज चालू राहतं. अँटिव्हायरस बिघडला तर अख्खं मशीन का बसतं? कारण त्याची जागा वेगळी आहे.

पॉवर बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचं यूईएफआय फर्मवेअर जागं होतं. यूईएफआय म्हणजे मशीनला पहिली जाग आणणारं, मदरबोर्डवरच साठवलेलं सॉफ्टवेअर. ते विंडोजच्या बूट मॅनेजरला हाक मारतं. बूट मॅनेजर लोडरला पुढे करतो, आणि लोडर विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणतो. कर्नलबरोबरच काही ड्रायव्हर्स, म्हणजे कर्नलला जोडून काम करणारे छोटे प्रोग्रॅम, उचलले जातात, कारण ते नसतील तर डिस्कसुद्धा वाचता येणार नाही. यांना बूट-स्टार्ट ड्रायव्हर म्हणतात. मग बाकीचे ड्रायव्हर, मग पार्श्वभूमीला चालणाऱ्या सर्व्हिसेस, मग साइन-इनचा पडदा आणि सगळ्यात शेवटी डेस्कटॉप.

व्हायरस लिहिणाऱ्यांनाही हा क्रम ठाऊक असतो. जो आधी सुरू होतो तो नंतरच्यांना फसवू शकतो, म्हणून रूटकिट जातीचे व्हायरस कर्नलमध्येच जाऊन बसू लागले. त्यांना पकडायचं तर अँटिव्हायरसलाही तितकंच आत आणि तितकंच आधी पोहोचणं भाग पडलं. २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने यासाठी अधिकृत वाट करून दिली. तिचं नाव अर्ली लाँच अँटिमालवेअर. या सोयीमुळे अँटिव्हायरसचा एक छोटा ड्रायव्हर बाहेरच्या कंपन्यांच्या इतर बूट ड्रायव्हर्सच्या आधी चढतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला चांगला, वाईट किंवा अनोळखी असा शेरा देतो.

याशिवाय अँटिव्हायरसचा एक फिल्टर ड्रायव्हर असतो. तुम्ही किंवा विंडोज कुठलीही फाइल उघडायला गेलात की ती मागणी आधी या फिल्टरपाशी येते; तो तपासतो आणि मगच पुढे जाऊ देतो. अशा फिल्टर्सचा थर लागतो. कोण वर, कोण खाली हे मायक्रोसॉफ्टने नेमून दिलेल्या क्रमांकांवरून ठरतं. अँटिव्हायरससाठी ३,२०,००० पासून पुढचा पट्टा राखून ठेवलेला आहे. विंडोज सुरू होताना शेकडो फाइल्स उघडल्या जातात आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक फाइल या गाळणीतून जाते. गाळणी अडकली की सगळंच अडकतं.

आणि कर्नलमध्ये चुकीला क्षमा नाही. साध्या प्रोग्रॅमने भलत्या जागची मेमरी वाचायचा प्रयत्न केला तर विंडोज त्याला बंद करतं. तेच कर्नलमधल्या ड्रायव्हरने केलं तर आता कशावर भरवसा ठेवावा हे विंडोजलाच कळत नाही, म्हणून माहितीची आणखी नासाडी होऊ नये यासाठी ते स्वतःला थांबवतं. निळा पडदा म्हणजे हे थांबणं. लोक त्याला घाबरतात, पण तो मुळात तुमच्या डेटाच्या बचावासाठी आहे. (२०२५ पासून विंडोज ११ मध्ये हा पडदा काळा केला आहे, तेव्हा नव्या मशीनवर निळा दिसला नाही तरी अर्थ तोच.)

या सगळ्याचं सर्वांत मोठं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या फाल्कन या सुरक्षा-सॉफ्टवेअरसाठी एक छोटी माहिती-फाइल जगभर पाठवली गेली. तपासणी करणाऱ्या भागाला २१ रकाने अपेक्षित होते, प्रत्यक्षात त्याच्या हाती २० च दिले गेले. एकविसावा वाचायला गेलेला कर्नल-ड्रायव्हर हद्दीबाहेरच्या मेमरीत गेला आणि विंडोज कोसळलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन्स बसली. विमानतळ, रुग्णालयं, बँका, सगळीकडे तोच पडदा. कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर कोसळलेल्या मशीनला नवी फाइल उतरवून घेण्याइतका वेळ जागंच राहता येत नव्हतं. शेवटी एकेका मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये (मोजक्या ड्रायव्हर्सवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) शिरून ती फाइल हाताने काढावी लागली. घरगुती अँटिव्हायरसमुळे तुमचं मशीन अडतं तेव्हा आकार लहान असतो, पण यंत्रणा हीच असते आणि सोडवायची वाटही हीच.

मॅकवर हा प्रकार आता क्वचित दिसतो. अ‍ॅपलने २०१९ च्या कॅटलिनापासून बाहेरच्या सॉफ्टवेअरला कर्नलबाहेर बसवायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टही २०२४ च्या घटनेनंतर अँटिव्हायरस कंपन्यांना कर्नलबाहेरून काम करता यावं अशी सोय उभी करत आहे. हे व्हायला हवंच होतं, आणि थोडं आधीच व्हायला हवं होतं असं माझं मत आहे.

थांबलंय कुठे, ते आधी पाहा

काहीही दाबण्याआधी मशीन एकदा बंद करा. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क, सगळं काढा. फक्त कीबोर्ड, माउस आणि पडदा ठेवा. आता सुरू करा आणि नुसतं पाहा. शक्य असेल तर फोनवर व्हिडिओ घ्या, कारण निळा पडदा कधी कधी वाचून होण्याआधीच निघून जातो.

पडद्यावर काहीच येत नाही, कंपनीचा लोगोसुद्धा दिसत नाही किंवा बीप वाजतात, असं असेल तर अँटिव्हायरसचा संबंध नाही. त्याच्यापर्यंत गाडी पोहोचलेलीच नाही. रॅम, पॉवर सप्लाय, केबल अशा गोष्टींकडे वळा.

लोगो आला, ठिपके फिरतायत, पण पुढे सरकत नाही, अशा वेळी आधी थांबा. अँटिव्हायरस टाकल्यावरच्या पहिल्या रीस्टार्टला बरंच काम एकदम निघतं. जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क असेल तर अर्धा तास द्या. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर आत काहीतरी चाललंय. दिवा पूर्ण विझला किंवा एकसारखा पेटून राहिला आणि अर्धा तास उलटून गेला, तर अडकलंय असं धरा.

निळा पडदा आला तर त्याच्या तळाच्या दोन ओळी लिहून घ्या. एक असते स्टॉप कोडची. दुसरी ‘व्हॉट फेल्ड’ या शब्दांनी सुरू होते आणि तिच्यात फाइलचं नाव असतं, शेवटी डॉट एसवायएस. ही दुसरी ओळ दर वेळी येत नाही, पण आली तर निम्मा तपास तिथेच संपतो. त्या नावाचा इंटरनेटवर फोनवरून शोध घ्या. ती फाइल तुमच्या नव्या अँटिव्हायरसची निघाली तर आरोपी सापडला. ती जुन्या, तुमच्या मते कधीच काढून टाकलेल्या अँटिव्हायरसची निघाली तर गोष्ट वेगळी आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

स्टॉप कोडमधूनही दिशा कळते. ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ किंवा ‘सिस्टिम थ्रेड एक्सेप्शन नॉट हँडल्ड’ असेल तर ड्रायव्हरवर संशय घ्यायला जागा आहे. ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्कच दिसेना : एक तर डिस्कच्या वाटेवरचा फिल्टर बिघडला, नाही तर डिस्कच आजारी आहे. ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’ आला तर विंडोजचीच एखादी महत्त्वाची फाइल गायब किंवा खराब झाली असण्याची शक्यता डोक्यात ठेवा.

साइन-इनपर्यंत येऊन पुढे काळा पडदा असेल, तर कर्नल आणि ड्रायव्हर्स पार झालेले आहेत. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकत्र दाबून पाहा. टास्क मॅनेजर उघडला तर मशीन तुमच्या हातात आहे. तिथून ‘रन न्यू टास्क’ घेऊन एक्सप्लोरर सुरू करता येतो आणि अँटिव्हायरस साध्या पद्धतीने काढता येतो.

दोष अँटिव्हायरसचा नसेलही

अँटिव्हायरस टाकल्यानंतर बिघडलं म्हणजे त्यानेच बिघडवलं, असं वाटणं साहजिक आहे. पण मधे एक गोष्ट घडलेली असते, रीस्टार्ट, आणि तिचा विचार कुणी करत नाही.

विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर कर्नल पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत मेमरीत आणली जाते. म्हणून रोज रात्री मशीन बंद करणाऱ्यालाही टास्क मॅनेजरमध्ये ‘अप टाइम’ कित्येक दिवसांचा दिसू शकतो. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू करतो. मधल्या काळात एखादं विंडोज अपडेट अर्धवट राहिलेलं असतं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदललेला असतो, डिस्कवर खराब जागा तयार झालेल्या असतात. हे सगळं झाकलेलं राहतं आणि अँटिव्हायरसने मागितलेल्या रीस्टार्टला उघडं पडतं.

दुसरं, अँटिव्हायरस पहिल्यांदा पूर्ण तपासणी करतो तेव्हा डिस्कचा कानाकोपरा वाचतो. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर एरवी कुणी न वाचलेले भाग तेव्हा वाचले जातात आणि ती तिथेच मान टाकते. डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल, तर या लेखातलं पुढचं काहीही करू नका. मशीन बंद करा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे न्या. प्रत्येक नव्या प्रयत्नाने ती डिस्क आणखी झिजते.

तिसरी शक्यता त्रासदायक आहे. जे टाकलं ते खरंच अँटिव्हायरस होतं का? ‘तुमच्या मशीनमध्ये व्हायरस सापडले’ अशी जाहिरात दाखवून, अँटिव्हायरसच्या वेषात व्हायरसच गळ्यात मारणारे जुने धंदे अजून चालू आहेत. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून उतरवलेलं नसेल किंवा क्रॅक केलेलं असेल, तर संशय धरा. मग मशीन सुरू झालं तरी लगेच बँकेचं किंवा मेलचं काम त्यावर करू नका.

आत शिरायचं कसं

विंडोज लागोपाठ दोनदा सुरू होता होता फसलं, की पुढच्या वेळी ते आपण होऊन दुरुस्तीच्या निळसर मेनूत नेतं. याला रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट म्हणतात आणि ते मुख्य विंडोजपासून वेगळं असतं, त्यामुळे तुमचा अँटिव्हायरस इथे चालू नसतो. आपोआप आलं नाही तर लोगो दिसताच पॉवर बटण दहा-एक सेकंद दाबून मशीन बंद करा; असं लागोपाठ केलं की पुढच्या खेपेला मेनू येतो. फिरणाऱ्या डिस्कवर हा उपाय पुन्हा पुन्हा करू नये. साइन-इनच्या पडद्यापर्यंत पोहोचत असाल तर त्याहून सोपं आहे : शिफ्ट दाबून धरा आणि पॉवरच्या चिन्हातून ‘रीस्टार्ट’ निवडा.

काहीच जमलं नाही तर दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरून किमान ८ जीबीचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह तयार करा. त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे ध्यानात ठेवा. त्यावरून मशीन सुरू केल्यावर ‘इन्स्टॉल’ दाबू नका. दुरुस्तीचा, म्हणजे ‘रिपेअर’चा पर्याय घ्या.

इथे बऱ्याच जणांची पहिली खरी अडचण होते. मशीन ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागतं. बिटलॉकर म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप. ‘मी कधी बिटलॉकर लावलंच नाही’ असं वाटेल, पण अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा साइन-इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. फोनवरून त्याच अकाउंटने मायक्रोसॉफ्टच्या साइटवर जा. तिथे तुमच्या डिव्हाइसच्या नोंदीत ही की असते. पडद्यावर दिसणारा की-आयडी तिथल्या आयडीशी जुळवून घ्या, म्हणजे भलतीच की टाकणार नाही. ऑफिसचं मशीन असेल तर ही की तिथल्या आयटी विभागाकडे असते. ही की नसताना फॉरमॅट केलं तर आतला डेटा कायमचा गेला, म्हणून की शोधण्यात कितीही वेळ गेला तरी तो वाया गेला असं मानू नका.

मेनूत पोहोचल्यावर दुरुस्तीच्या आधी एक काम उरकून घ्या : महत्त्वाच्या फाइल्स बाहेर काढा. ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘कमांड प्रॉम्प्ट’. तिथे नोटपॅड असं टाइप करून एंटर दाबा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). नोटपॅड उघडलं की ‘फाइल’मधून ‘ओपन’ घ्या आणि खाली फाइलचा प्रकार ‘ऑल फाइल्स’ करा. ही खिडकी म्हणजे छोटा फाइल एक्सप्लोररच आहे. तुमचं फोल्डर शोधा, राइट क्लिक करून कॉपी करा, बाहेरच्या डिस्कवर जाऊन पेस्ट करा. कॉपी होताना प्रगतीची पट्टी दिसत नाही, तेव्हा धीर धरा. शिवाय इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. नेहमीचा सी ड्राइव्ह डी म्हणून दिसला तर गडबडू नका.

सेफ मोड

‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ आणि मग ‘रीस्टार्ट’. क्रमांकांची यादी येते. ४ दाबलं की सेफ मोड, ५ दाबलं की इंटरनेटसह सेफ मोड. साइन-इनला पिन चालला नाही तर अकाउंटचा पूर्ण पासवर्ड लागेल, तो हाताशी ठेवा.

सेफ मोडमध्ये विंडोज फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर्स आणि सर्व्हिसेस घेऊन उभं राहतं. तिथे मशीन व्यवस्थित आलं, तर बाहेरून टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरवरचा संशय पक्का होतो. आता अँटिव्हायरस काढायचा. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘अ‍ॅप्स’मधून जमलं तर उत्तम. अनेकदा जमत नाही, कारण विंडोज इन्स्टॉलर ही सर्व्हिस सेफ मोडमध्ये चालत नाही आणि काढण्याची प्रक्रिया तिच्यावर अवलंबून असते.

यासाठी बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या स्वतंत्र सफाई-टूल देतात. अवास्टचं क्लिअर, मॅकॅफीचं एमसीपीआर, ईसेटचं अनइन्स्टॉलर, कॅस्परस्की आणि बिटडिफेंडरचीही अशीच आहेत. दुसऱ्या मशीनवर कंपनीच्या साइटवरून ते पेन ड्राइव्हवर उतरवा आणि इथे चालवा. माझ्या मते साध्या अनइन्स्टॉलपेक्षा हेच पहिल्यांदा वापरावं, कारण साधं अनइन्स्टॉल ड्रायव्हर्स आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या) नोंदी मागे सोडून जातं, आणि पुढच्या वेळी त्या उरलेल्या नोंदीच छळतात.

आता जुन्या अँटिव्हायरसच्या ड्रायव्हरकडे. नवा लॅपटॉप घेतला की त्यात बहुधा एखाद्या अँटिव्हायरसची काही काळापुरती फुकट आवृत्ती असते. मुदत संपली की लोक दुसरा टाकतात, पण पहिला तसाच राहतो. मुदत संपली तरी त्याचे ड्रायव्हर्स रोज चढत असतात. मग एकाने फाइल उघडली की दुसरा ती तपासायला उघडतो, ते पाहून पहिला पुन्हा तपासायला येतो. अरुंद बोळात समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्यांसारखी गत होते : समोरचा मागे सरेल म्हणून दोघेही थांबून राहतात आणि मागची सगळी वाहतूक खोळंबते. पडद्यावर ठिपके मात्र फिरतच राहतात. अशा वेळी दोन्ही काढा, प्रत्येकाचं स्वतःचं सफाई-टूल वापरून. नंतर एकच टाका. विंडोजमधला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर मात्र यात मोजायचा नाही. दुसऱ्या अँटिव्हायरसने आपली रीतसर नोंदणी केली की तो आपण होऊन बाजूला होतो.

सेफ मोडही कोसळला तर

सेफ मोडमध्ये नको ते ड्रायव्हर गाळण्याचं काम कर्नल करतो. पण बूट-स्टार्ट ड्रायव्हर्स त्याच्याही आधी लोडरने उचललेले असतात, त्यामुळे ते गाळणीतून सुटू शकतात. म्हणजे सेफ मोडमध्येही तोच निळा पडदा आला तर ‘अँटिव्हायरस निर्दोष’ असं ठरत नाही. बिघाड फार सुरुवातीच्या टप्प्यावर आहे एवढंच कळतं.

‘स्टार्टअप सेटिंग्ज’च्या यादीत ८ क्रमांकाला अर्ली लाँच अँटिमालवेअर बंद करण्याचा पर्याय आहे. तो फक्त त्या एका वेळेपुरता असतो, पुढच्या रीस्टार्टला संरक्षण परत येतं. त्याने मशीन सुरू झालं तर लगेच अँटिव्हायरस काढून टाका. यादीतला ९ क्रमांकही उपयोगी आहे : त्याने निळा पडदा आल्यावर मशीन आपोआप रीस्टार्ट होत नाही आणि तुम्हाला शांतपणे वाचता येतं.

तेही चाललं नाही तर ‘सिस्टिम रिस्टोर’. अँटिव्हायरस टाकण्याच्या आधीचा रिस्टोर पॉइंट असेल तर तो निवडा. यात ड्रायव्हर्स, रजिस्ट्री आणि प्रोग्रॅम्स मागच्या स्थितीला जातात. तुमचे फोटो आणि कागदपत्रं जागेवर राहतात. चालू विंडोजमधून रिस्टोर केलं तर अँटिव्हायरसचं स्व-संरक्षण कधी कधी त्यात आडवं येतं, म्हणून ते या मेनूतूनच करणं बरं. रिस्टोरची सोय आधीपासून चालू असेल तरच पॉइंट मिळतो, आणि अनेक मशीन्सवर ती बंद असते. अँटिव्हायरसबरोबर त्याच सुमारास विंडोज अपडेटही आलं असेल, तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करून पाहा. अपडेट आणि अँटिव्हायरस यांची आपसात न जमण्याची उदाहरणं आहेत. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटींसाठीचं अपडेट काही अँटिव्हायरसबरोबर निळा पडदा देत होतं. तेव्हा अँटिव्हायरसने रजिस्ट्रीत सुसंगततेची खूण ठेवली असेल तरच ते अपडेट द्यायचं, असं मायक्रोसॉफ्टला ठरवावं लागलं. एप्रिल २०१९ मध्येही विंडोज ७ आणि ८.१ ची अपडेट्स सोफोस, अवास्ट आणि अविरा यांच्यासोबत सुरू होताना अडकत होती.

इथे एक कळकळीची सूचना. इंटरनेटवर ‘ड्रायव्हर्सच्या फोल्डरमध्ये जा आणि ती फाइल डिलीट करा’ असा उपाय सर्रास दिसतो. २०२४ च्या प्रसंगात तो चालला, कारण काढायची होती ती माहिती-फाइल होती आणि कुठली काढायची हे कंपनीनेच सांगितलं होतं. फिल्टर ड्रायव्हरची फाइल तशी काढली तर मशीन आणखी खोल जाऊ शकतं. डिस्कच्या किंवा कीबोर्डच्या नोंदीत ‘माझ्या वाटेवर हा फिल्टर आहे’ असं लिहिलेलं राहतं, फिल्टर मात्र जागेवर नसतो, मग ती डिस्क किंवा कीबोर्डच सुरू होत नाही. जाणकार माणूस फाइल काढत नाही. तो दुरुस्तीच्या मेनूतून बंद विंडोजची रजिस्ट्री उघडतो, त्या ड्रायव्हरच्या ‘स्टार्ट’ या नोंदीचा आकडा ४ करतो (० म्हणजे बूटला, ४ म्हणजे बंद) आणि फिल्टरच्या यादीतूनही त्याचं नाव काढतो. हे स्वतः करायची सवय नसेल तर करू नका, पण ज्याच्याकडे मशीन द्याल त्याला फॉरमॅटऐवजी हे करायला सांगा.

विंडोजचीच फाइल उचलली गेली असेल तर

काही वेळा ड्रायव्हर ठीक असतो, निर्णय चुकतो. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधली एसव्हीसीहोस्ट ही अस्सल फाइल व्हायरस ठरवली, आणि मशीन्स नेटवर्क गमावून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागली. मे २००७ मध्ये सिमँटेकच्या अपडेटने सोप्या चिनी लिपीतल्या विंडोज एक्सपीच्या दोन सिस्टिम फाइल्स अशाच उचलल्या होत्या. आणि कधी कधी फाइलला खरोखरच लागण झालेली असते. अँटिव्हायरस ती बरोबर पकडतो, पण काढून टाकल्यावर विंडोजला उभं राहायला तीच हवी असते.

या प्रकारात अँटिव्हायरस काढून टाकला तरी मशीन सुरू होत नाही, आणि इथेच लोक हताश होतात. गेलेली फाइल परत यायला हवी. सेफ मोड उघडत असेल तर अँटिव्हायरस काढण्याआधी त्याचं क्वारंटाइन, म्हणजे पकडलेल्या फाइल्स बाजूला ठेवायची जागा, उघडून पाहा. विंडोजच्या फोल्डरमधली फाइल तिथे दिसली आणि ती चुकून पकडल्याचं कंपनीने मान्य केलं असेल, तर तिथूनच परत ठेवा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण अनइन्स्टॉल करताना क्वारंटाइनही पुसलं जाऊ शकतं. फाइल खरंच लागण झालेली असेल तर ती परत ठेवायची नाही. तिच्या जागी स्वच्छ प्रत आणायची. त्यासाठी विंडोजचं सिस्टिम फाइल चेकर आहे आणि ते दुरुस्तीच्या मेनूतून, विंडोज बंद असतानाही चालवता येतं. ‘स्टार्टअप रिपेअर’ही एकदा करून पाहायला हरकत नाही. ते बूटच्या नोंदी बऱ्यापैकी सुधारतं; बाहेरच्या कंपनीच्या ड्रायव्हरपुढे मात्र बहुतेकदा हात टेकतं.

सगळं करून थकलात तर ‘रिसेट धिस पीसी’मधला ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय आहे. विंडोज नव्याने बसतं, टाकलेले प्रोग्रॅम्स जातात, वैयक्तिक फाइल्स राहतात. तरीही फाइल्स आधी बाहेर काढल्याशिवाय याला हात लावू नका.

पुन्हा टाकताना

मशीन उठलं की लगेच तोच अँटिव्हायरस परत टाकायची घाई नको. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून डिफेंडर चालू झालाय का ते बघा, म्हणजे मधल्या काळात मशीन उघडं राहत नाही. विंडोजची सगळी अपडेट्स पूर्ण करा आणि दोनदा ‘रीस्टार्ट’ करा, ‘शट डाउन’ नव्हे. डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या एखाद्या टूलने स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते त्या) पाहून घ्या. सिस्टिम रिस्टोर चालू करून एक पॉइंट हाताने तयार करा, बिटलॉकरची की कागदावर लिहून मशीनपासून वेगळी ठेवा.

मग ठरवा की दुसरा अँटिव्हायरस खरंच हवा आहे का. घरच्या वापरासाठी, विंडोज अद्ययावत ठेवणाऱ्या माणसाला डिफेंडर पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे. कर्नलमध्ये जितके कमी पाहुणे, तितकं सुरू होताना अडखळायचं कारण कमी. हवाच असेल तर कंपनीच्या साइटवरून आजची ताजी आवृत्ती घ्या. जुन्या पेन ड्राइव्हवर पडलेला इन्स्टॉलर वापरू नका, कारण तो आजच्या विंडोजसाठी लिहिलेला नसतो. टाकून झाल्यावर बाकी कुठलंही नवं सॉफ्टवेअर न टाकता मशीन एकदा पूर्ण रीस्टार्ट करून बघा. पुन्हा अडलं, तर या वेळी कारण शोधत बसायला नको. त्या अँटिव्हायरसचं आणि तुमच्या मशीनचं जमत नाही. तो काढून टाका आणि निळ्या पडद्यावरच्या दोन ओळी कंपनीच्या मदत विभागाला कळवा. त्यातल्या फाइलच्या नावावरून त्यांना दुरुस्ती काढता येते.